गुळाची चव

गाढवाला गुळाची चव काय, असे आपण मोठ्या आत्मविश्वासाने म्हणतो. ज्याला उद्देशून हे म्हटले जाते तो मनुष्य रागावून उत्तर तरी देऊ शकतो. गाढवाला मात्र आपली बाजू मांडण्याची संधी आजवर मिळालेली नाही. ते वकीलपत्र आज मी घेणार आहे. गाढवाचा सख्खा भाऊबंद जो घोडा, त्याला गूळ किती आवडतो हे कोणताही टांगेवाला सांगेल. गोडी कळण्याची शरीरात जी सोय लागते ती या कुळात शाबूत आहे. म्हण चुकली आहे ती प्राण्याच्या निवडीत.

ही सोय कोठे असते? आरशासमोर जीभ काढली तर तिच्यावर बारीक उंचवटे दिसतात. हेच चव घेणारे अवयव, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः हे नुसते अंकुरक आहेत, आणि त्यांतले बहुसंख्य केवळ अन्न घासण्यापुरते. मांजराची जीभ हाताला कानशीसारखी लागते ती अशा अंकुरकांमुळेच. खऱ्या रुचिकलिका काही थोड्या अंकुरकांच्या माथ्यावर व कडांत दडलेल्या असतात, आणि त्या सूक्ष्मदर्शकावाचून दिसत नाहीत. लायडिग यांनी १८५१ साली त्यांचे वर्णन केले ते माशांच्या त्वचेवरून; सस्तन प्राण्यांच्या जिभेवर त्या लोव्हेन आणि श्वाल्बे या दोघांना १८६७ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सापडल्या.

लसणाच्या गड्डीत पाकळ्या उभ्या दाटीने बसाव्यात तशा एका कलिकेत पन्नास ते शंभर पेशी असतात. वर एक इवलेसे छिद्र. लाळेत विरघळलेला पदार्थ त्या छिद्रातून आत शिरतो, पेशींच्या केसासारख्या टोकांना भिडतो आणि त्याची वर्दी मज्जातंतूंमार्फत मेंदूला पोचते. या पेशींचे आयुष्य सरासरी दहा दिवसांच्या आसपास. जुन्या जातात, नव्या येतात. माझ्या पेशाच्या भाषेत बोलायचे तर ही आवक तपासणारी खिडकी आहे, आणि कागद एकदा आत गेला की परत काढणे किती कठीण, हे मी जाणतो. (शाळेत आम्ही जिभेचा नकाशा काढीत असू: शेंड्याला गोड, मुळाशी कडू. तो नकाशा आता खोटा ठरला आहे. त्यावर मिळालेले गुण परत करावयास माझी तयारी आहे.)

माणसाच्या तोंडात अशा कलिका काही हजार असतात. गाईच्या तोंडात सुमारे पंचवीस हजार. रानात नाना प्रकारचा पाला खाणाऱ्याला विषारी कडवटपणा वेळीच ओळखावा लागतो, हे त्याचे एक कारण मानले जाते. मिशा असलेल्या शिंगाळ्याच्या जातकुळीतल्या काही माशांनी तर कमाल केली आहे. त्यांच्या मिशांवर, ओठांवर, एवढेच नव्हे तर सर्वांगावर मिळून लाखाहून अधिक रुचिकलिका असतात. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग बेताचाच. तो मासा अंगाने चव घेत अन्नाकडे जातो.

मांजराच्या वाट्याला मात्र पाचशेसुद्धा येत नाहीत. पाच वर्षांपूर्वी आमच्या घरी मांजरीचे एक पिल्लू आजारी पडले. औषध कडू, म्हणून माझ्या आईने ते मधात कालवले. पिल्लाने तोंडाला फेस आणला आणि सगळे थुंकून टाकले. आम्ही मध वाढवला. दोन दिवस औषध पोटात गेले नाही आणि पिल्लू निपचित पडले. तिसऱ्या दिवशी गुरांच्या डॉक्टरांनी ते माशाच्या रश्शात देण्यास सांगितले. ते पोटात राहिले.

आमची चूक काय होती? गोडी ओळखण्यास दोन प्रथिनांची जोडी लागते. त्यांपैकी एक तयार करणारे जनुक मांजराच्या कुळात निकामी आहे. त्यातली २४७ अक्षरे गळाली आहेत. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील संशोधकांनी २००५ साली हे दाखवले. वाघ आणि चित्त्याच्या जनुकातही तोच लोप आढळला. कडू मात्र मांजराला कळते. म्हणजे आमच्या मधाने पिल्लाला काहीच दिलासा नव्हता. कडवटपणा तेवढा उरला होता.

मांस खाता खाता गोडीची गरज संपली म्हणून जनुक मोडले, की जनुक मोडले म्हणून मांसावाचून गती उरली नाही? पहिलेच अधिक संभवनीय, असे मला वाटते. समुद्रसिंह, ठिपकेवाला तरस आणि आशियातील लहान नख्यांचे पाणमांजर यांतही हेच जनुक निकामी झाल्याचे २०१२ साली आढळले, आणि प्रत्येकाच्या जनुकातील मोडतोड निराळ्या जागी आहे. एकाच घरातून आलेले हे दारिद्र्य नव्हे. ज्याने त्याने ते स्वतंत्रपणे ओढवून घेतले आहे. भक्ष्य सगळेच्या सगळे गिळणाऱ्या डॉल्फिनांत तर गोडाबरोबर कडू ओळखणारी जनुकेही मोडली आहेत.

गेलेले परत मिळतही असावे. पक्ष्यांच्या पूर्वजांनी गोडीचे हे जनुक गमावले होते. फुलांतला मध पिणाऱ्या अमेरिकेतील गुंजनपक्ष्याने मांसाची रुची ओळखणाऱ्या जोडीत फेरफार करून तिच्याकडून साखर ओळखण्याचे काम करून घेतले, असे २०१४ साली उघड झाले. आपला शिंजीर ज्या गाणाऱ्या पक्ष्यांत मोडतो, त्यांच्या पूर्वजांनीही वेगळ्या वाटेने हेच साधले होते.

ते पिल्लू आता चांगले धष्टपुष्ट झाले आहे. पेढ्यांचा पुडा उघडा राहिला की चाटूनपुसून साफ करते, आणि आई कौतुकाने म्हणते, हिला गोडाची भारी आवड. मी पूर्वी तिला समजावीत असे की मांजर खव्यातले दूध आणि तूप खाते, साखरेची तिला दादही नसते. हल्ली मी पुडा बंद करून ठेवतो.