जुनें बेट फोडतांना



मृगाच्या सरी पडून जमीन वीतभर भिजली, कीं ज्यांच्या घरापुढें चार हात मोकळी जागा आहे त्यांना नवीं रोपें आणण्याची हौस येते. आज मी नव्या रोपांविषयीं बोलणार नाहीं. परसाच्या कोपऱ्यांत, बहुधा मोरीच्या पाण्यावर, वर्षानुवर्षें निमूटपणें उभें असलेलें गवती चहाचें बेट, सोनटक्क्याची दाटी, कर्दळीची रांग, या जुन्या मंडळींकडे आपलें लक्ष वळवावें एवढाच माझा हेतु आहे.

गवती चहाचें बेट बाहेरून हिरवें दिसतें. परंतु दोन्ही हातांनीं पातीं बाजूला सारून मध्यें पाहावें, तर तेथें करडे, लाकडासारखे कठीण झालेले बुंधे आढळतात. नवा फुटवा नेहमीं बाहेरच्या अंगास येतो. त्यामुळें बेट कडेकडेनें पसरत जातें आणि मधली जागा म्हाताऱ्या बुंध्यांकडे राहते. मुळांचा असा गुंता होतो कीं वरून घातलेलें पाणी आंत न मुरतां बाजूनें वाहून जातें. गॅलरींतील कुंडींत हें दोन-तीन वर्षांतच घडतें. शिवाय हा गवती चहा आपल्याकडे क्वचितच फुलतो, त्याचें बीं कोणी पेरीत नाहीं. ज्यांच्या घरीं तो आहे, तेथें तो कोणाच्या तरी हातून आलेला असतो.

आमच्या घरचा ठोंब माझ्या आईनें रत्नागिरीकडील आपल्या माहेराहून ओल्या फडक्यांत गुंडाळून आणला होता. ती गेल्यानंतर त्या बेटास हात लावण्याचा मला धीर होईना. आठ वर्षें तें तसेंच राहिलें. पातीं आंखूड व खरखरीत होत गेलीं, चहाला वास येईना. शेवटीं एका पावसाळ्यांत मीं तें खणून काढलें, आणि तेथेंच चूक केली. मधला भाग तोच आईचा मूळ ठोंब, असें समजून तो मीं आदरानें पुन्हां जागेवर लावला, व कडेचे कोवळे फुटवे शेजारच्या वहिनींना देऊन टाकले. श्रावण सरेपर्यंत माझा ठोंब वाळून गेला. वहिनींचा मात्र कुंपणावरून डोकावूं लागला. मीं संकोचानें दोन काड्या मागितल्या, तेव्हां त्या म्हणाल्या, "भाऊजी, मागतां काय? तुमच्या आईंचाच आहे कीं तो!" वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेंही त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. कडेचा फुटवा हा निराळा जीव नव्हे. तो त्याच मूळ झाडाचा अंश असतो, आणि त्यांतला जोमदार अंश तोच.

आतां वेळेविषयीं. इंग्रजी बागकामाचीं पुस्तकें प्रमाण मानण्याची आपणां शिकलेल्या लोकांस खोड आहे. तीं सांगतात, हें काम वसंतांत किंवा शरदांत करावें. तिकडे तें योग्यच, कारण त्यांना भीति हिमाची. आपला वैरी ऊन. मुळें तुटलेला ठोंब चैत्र-वैशाखांत उघड्यावर लावणें म्हणजे तो भाजून काढणेंच होय. पुण्यासारख्या सुमारें २८ इंच पावसाच्या गांवीं मृग आणि आर्द्रा हीं दोन नक्षत्रें उत्तम. जेथें १०० इंचांहून अधिक पाऊस कोसळतो त्या कोंकणांत मात्र उंचवटा करून त्यावर लावावें, नाहींतर पाणी तुंबून सगळें कुजतें.

खणण्यापूर्वीं पातीं वीतभर ठेवून कापावीं. यांतलें मर्म असें, कीं खणतांना पुष्कळ मुळें तुटतात व तीं पूर्वीइतकें पाणी ओढूं शकत नाहींत. पातीं मात्र पाणी हवेंत सोडीतच राहतात. मग बेटाभोंवतीं वीतभर अंतरावरून कुदळीनें खणून तें पहारीनें उचलावें. हातांनीं सुटत नसेल तर कोयत्याचा सरळ घाव घालावा. मन कचरतें खरें, पण ओढाताणीनें फाटलेल्या मुळांपेक्षां स्वच्छ कापलेलीं मुळें बरीं. कडेचे तीन-चार फुटवे मुळांसकट मिळून एक ठोंब करावा. मधला लाकडी भाग खताच्या खड्ड्यांत जाऊं द्यावा. माझ्यासारखा त्याचा मोह धरूं नये. दोन ठोंबांत दोन फूट अंतर असावें आणि बुंधा पूर्वीं जेवढा मातींत होता तेवढाच पुरावा. लावीपर्यंत मुळांवर ओलें गोणपाट असूं द्यावें.

सोनटक्क्याचे गड्डे याच दिवसांत फोडावे. प्रत्येक तुकड्यास दोन-तीन डोळे पाहिजेत, आणि तो वरचेवर लावावा, खोल नव्हे. कर्दळीविषयीं काय सांगावें! ती फेंकली तरी रुजते. निशिगंधाची रीत मात्र निराळी. पानें पिवळीं पडलीं म्हणजे, माघ-फाल्गुनाच्या सुमारास, त्याचे कंद काढावे. एकदां फुललेला कंद पुन्हां फुलत नाहीं. म्हणून त्याच्या भोंवतींचे पिलकंद वेगळे करून त्यांतले मोठे निवडावे व तेच लावावे.

लावल्यावर पहिले दोन आठवडे ठोंब मेल्यासारखा दिसतो. मुळें धरलीं कीं नाहीं हें उपटून पाहणारे हौशी लोक मला ठाऊक आहेत! वहिनींच्या त्या दोन काड्यांतून आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यांत पहिलें पातें वर आलें. आणि हो, खणण्यापूर्वीं कापलेलीं पातीं फेंकूं नयेत. सावलींत वाळवून घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावीं, म्हणजे नवा ठोंब वाढेपर्यंत चहाची सोय होते.