समोरची काच



कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाला मोटारीतल्या थंड हवेशी काय कर्तव्य, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. थंड हवा ही साहेबाच्या गाडीतली चैन, अशी आपली समजूत आहे, आणि मला त्या समजुतीविषयीच बोलायचे आहे. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण गॅरेजात उभे राहून आणि हाती लागेल ते पुस्तक वाचून झाले. तेव्हा भाषा शास्त्र्यांची वाटली नाही, तर सांभाळून घ्यावे.

आपल्या लोहाऱ्यात कूलर कोणाला ठाऊक नाही? मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा ओल्या ताट्यांतून आलेली हवा जीव वाचवते. तोच कूलर जुलैत लावून पाहा. अंग चिकचिकते, अंथरूण सादळते, गारवा मात्र येत नाही. कारण कूलर हवेत पाणी घालून तिला गार करतो, आणि पावसाळ्यातली हवा आधीच पाण्याने भरलेली असते. मोटारीतल्या ए.सी.चे काम याच्या अगदी उलट आहे. तो हवेतले पाणी काढून घेतो. एवढा फरक ध्यानात ठेवला की पुढचे सारे सोपे आहे.

आता काचेकडे येऊ. थंड पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो. ते पाणी आतून पाझरलेले नसते. भोवतालच्या हवेतले असते. ३० अंशांची हवा घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम वाफ धरू शकते, १० अंशांची जेमतेम ९ ग्रॅम. हवा थंड वस्तूला टेकली की तिची धारणशक्ती घटते आणि उरलेले पाणी ती तिथेच टाकते. पावसात ट्रकची समोरची काच बाहेरून भिजून गार झालेली असते. आत ड्रायव्हर, क्लीनर, त्यांचा श्वास, ओले कपडे, ओले पायपुसणे. खिडक्या बंद. मग काच आतून धुरकटते. फडक्याने पुसली की दोन मिनिटांत पुन्हा तेच, आणि फडक्याचे तेल काचेला लागून समोरच्या दिव्यांचे फराटे दिसू लागतात ते वेगळेच.

यंत्र काय करते? पंख्याने ओढलेली हवा प्रथम एका थंड जाळीवरून जाते. तिथे तिच्यातले पाणी थेंब होऊन गळते आणि नळीवाटे गाडीखाली पडते. मग हवी तेवढी हवा दुसऱ्या जाळीवरून जाते, जिच्यात इंजिनातले गरम पाणी फिरत असते. म्हणजे आधी पिळली आणि मग तापवली. १० अंशांवर ९ ग्रॅम पाणी उरलेली हवा ३० अंशांवर नेली, तर ती एक तृतीयांशही भरलेली राहत नाही. ती तहानलेली हवा काचेवर सोडली की काचेवरचे पाणी पिऊन टाकते, शिवाय काचही कोमट होते. म्हणूनच अनेक गाड्यांत काच साफ करण्याचे बटण दाबले की ए.सी. आपोआप चालू होतो. थंडीच्या दिवसांत लोकांना हे कोडे वाटते. त्या वेळी बाहेरची हवा आत येऊ द्यावी. आतलीच हवा फिरवत राहिलात, तर श्वासाची वाफही आतच साठते आणि डोके जड होते. ‘ए.सी.त ड्रायव्हर झोपतो’ म्हणणाऱ्या मालकांनी आधी हे बटण पाहावे.

थोडा इतिहास सांगतो. १९०२ साली विलिस कॅरियर या इंजिनियराने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यासाठी असे यंत्र आखले, ते दमट हवेने कागद फुगून रंग सरकू नयेत म्हणून. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द १९०६ साली स्टुअर्ट क्रॅमर याने वापरला. तो कापड गिरण्यांतला माणूस. त्याला सूत तुटू नये म्हणून हवा दमट हवी होती. पाहा मंडळी, कागदाची सोय झाली, सुताची झाली. माणसाची पाळी मागून आली. ट्रक ड्रायव्हरची तर फारच मागून.

आपल्या देशात ती आली १ ऑक्टोबर २०२५ रोजी. त्या तारखेपासून बनणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांच्या केबिनला ए.सी. सक्तीचा झाला. त्याआधी बनलेल्या गाड्यांना हा नियम नाही. आणि यंत्र बसले म्हणजे ते चालू राहिले असेही नाही. माझ्याकडे एक ड्रायव्हर आला होता. चढावर ए.सी. बंद ठेवायचा, डिझेल जळते, असा मालकाचा हुकूम. आता हुकूम देणाऱ्याला ठाऊक नसते की बंद केल्याक्षणी थंड जाळीवर साठलेले पाणी पंख्याच्या वाऱ्याने वाफ होऊन परत केबिनमध्ये येते. करळगावच्या घाटासारख्या वळणावर, भर पावसात, काच एकाएकी आंधळी होते. या ड्रायव्हरने गाडी कशीबशी कडेला घेतली, म्हणून बचावला. धडक झाली असती तर कागदावर निष्काळजीपणा त्याचाच लिहिला गेला असता. डिझेलचा हिशेब कोणी मागितला नसता.

म्हणून माझे म्हणणे असे की, ब्रेक आणि वायपर यांच्या रांगेत ए.सी.ची दुरुस्ती धरली पाहिजे. गॅस संपला तर तो भरण्याचा खर्च मालकाचा. आणि तो बंद ठेवण्याचा हुकूम असेल, तर तो लेखी द्यावा.

ड्रायव्हर बंधूंसाठी एक खूण सांगून ठेवतो. पावसाळ्यात ए.सी. चालू असताना गाडी उभी करा आणि खाली वाकून पाहा. पाणी टपकत असेल तर यंत्र हवा पिळते आहे. टपकत नसेल तर एक तर गॅस गेला, नाहीतर नळी तुंबली. तुंबली असेल तर ते पाणी तुमच्याच पायाशी साठते आहे. गाडी घाटात घालण्याआधी मिस्त्रीला दाखवा.