कुंडीचे माप



वसंतातल्या या व्यासपीठावरून अर्थकारणापासून तत्त्वज्ञानापर्यंत मोठमोठे विषय मांडले जातात. आज आम्ही घेतलेला विषय मात्र गॅलरीच्या कठड्याआत मावणारा आहे. घरातल्या वाढत्या झाडाला कुंडी केवढी द्यावी, एवढाच तो प्रश्न. तो क्षुल्लक वाटेल. परंतु वाडे गेले, अंगणे गेली, तुळशीवृंदावनही गॅलरीच्या कोपऱ्यात आले. शहरातल्या पुष्कळ कुटुंबांचा मातीशी उरलेला संबंध आता चारदोन कुंड्यांपुरताच आहे. त्यातले झाड मेले की घरची मंडळी म्हणतात, "आमच्या हातची झाडे जगतच नाहीत," आणि पुन्हा झाड आणीत नाहीत. आमचे म्हणणे असे की, दोष पुष्कळदा हाताचा नसतो, मापाचा असतो.

नेहमी घडते ते पाहू. रोपवाटिकेतून ४ इंची कुंडीतले एक टवटवीत रोप घरी येते. आता याला ऐसपैस जागा द्यावी, पुन्हापुन्हा हलवायला नको, अशा विचाराने ते एकदम १२ इंची कुंडीत बसविले जाते. हेतू प्रेमाचाच असतो. परंतु येथे इंच आपल्याला फसवितो. कुंडी रुंदीबरोबर खोलीतही वाढते. म्हणून तोंड दुप्पट झाले की माती आठपट होते, आणि तिप्पट झाले की सत्तावीसपट! ज्या मुळांना कालपर्यंत एक भांडे माती होती, त्यांच्याभोवती आज सत्तावीस भांडी माती आहे.

मग बिघडले कुठे? बिघडते ते पाण्यात. माती पाणी धरून ठेवते आणि मुळे ते पितात. जिथे मुळे पोहोचलेली नाहीत तिथले पाणी पिणारा कोणी नाही. वरची माती उन्हाने कोरडी दिसते, म्हणून आपण पुन्हा पाणी घालतो, आणि आत चिखल साचत राहतो. मुळांनाही प्राणवायू लागतो. मातीच्या कणांमधील फटी पाण्याने भरल्या की तो मिळेनासा होतो. मुळे गुदमरतात, त्यांना बुरशी लागते, ती कुजतात. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून पाने माना टाकतात. आणि पाने सुकलेली पाहून आपण काय करतो? आणखी एक तांब्या ओततो!

कोणी म्हणेल, तळाशी विटांचे तुकडे आणि खडी भरली की पाणी निघून जाईल. ही समजूत फार जुनी आहे, परंतु खरी नाही. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. वरची माती अगदी तुडुंब भिजल्यावरच ते खाली गळते. ओला स्पंज ताटात आडवा ठेवा आणि गळणे थांबले की उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. मातीचा थर जितका उंच, तितके पाणी चांगले निथळते. खडी भरून आपण तो थर उलट आखूड करतो. भोकावर खापरीचा एक तुकडा ठेवावा, म्हणजे माती वाहून जात नाही. तेवढा पुरे.

याचा अर्थ कुंडी लहानच असावी असा कोणी घेऊ नये. जर्मनीतील यूलिश येथे हेंड्रिक पूर्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. कुंडीचे आकारमान दुप्पट केले तर झाडाची वाढ सरासरीने ४३ टक्क्यांनी अधिक होते, असे त्यांना आढळले. दवाखान्यात मेंदूची चित्रे घेणारे एमआरआय यंत्र असते, तशाच यंत्राने त्यांनी कुंडीतल्या मुळांचीही चित्रे घेतली. मुळे फार लवकर कुंडीच्या कडेला जाऊन भिडतात, हे त्यांत दिसले. तेव्हा कोंडलेले झाड खुरटते, हेही तितकेच खरे.

मग मधला मार्ग कोणता? एका वेळी एक पायरी. ४ इंचांवरून ५ किंवा फार तर ६, सहावरून ८, आठावरून १०. चाराची पाच इंची कुंडी केली तरी माती जवळजवळ दुप्पट होते, हे ध्यानात ठेवावे. म्हणजे नव्या कुंडीत मुळांच्या गड्ड्याभोवती बोटभर नवी माती राहते, आणि काही आठवड्यांत मुळे ती आपलीशी करतात.

पायरी चढण्याची वेळ झाली की नाही, हे झाडालाच विचारावे. तळाच्या भोकातून मुळे बाहेर डोकावतात, घातलेले पाणी क्षणात खाली निघून जाते, सकाळी पाणी घातलेले झाड संध्याकाळी मलूल होते, ही लक्षणे ओळखीची आहेत. पण खात्री करायची तर आदल्या दिवशी पाणी घालून ठेवावे, खोड दोन बोटांत धरून तळहात मातीवर टेकवावा, कुंडी उलटी करावी आणि काठावर हलकेच ठोकावे. गड्डा सबंध बाहेर येतो. मुळे पांढरी आणि अधूनमधून माती दिसत असेल, तर तो तसाच परत ठेवावा. मुळांनी चटईसारखी वीण घातली असेल, तर कडेची मुळे मोकळी करून झाड पुढच्या कुंडीत न्यावे. मुळे काळी, मऊ आणि दुर्गंधीची निघाली, तर कुजका भाग कापून झाड पूर्वीपेक्षा लहान कुंडीत लावावे. अशा आजाऱ्याला मोठे घर नको, कोरडे घर हवे.

सर्व झाडांना एक न्याय लावता येत नाही. सर्पपर्णी आणि कोरफड यांना थोडी अडचण मानवते. तुळस आणि जास्वंद यांना तहान अधिक, म्हणून जागाही अधिक लागते. मातीच्या कुंडीतून माठासारखे पाणी झिरपून उडते, प्लॅस्टिकच्या कुंडीतून उडत नाही. म्हणून सढळ हाताने पाणी घालणाऱ्याने मातीची कुंडी घ्यावी, आणि पाणी घालायचे विसरणाऱ्याने प्लॅस्टिकची. भोक मात्र दोहोंनाही हवेच.

आणि पायऱ्या संपल्या की काय करावे? सदनिकेत त्या लवकर संपतात. १२ इंची कुंडी भिजली की २० किलोंच्या सहज पुढे जाते. अशा कुंड्या कठड्यावर मांडणे हे खालून जाणाऱ्याच्या जिवाशी खेळणे होय. तेव्हा झाड त्याच कुंडीत ठेवावे. बाहेरची थोडी मुळे छाटावी, तितकाच शेंडा खुडावा, नवी माती आणि शेणखत भरावे. जपानातील बोन्साय याच नियमावर पिढ्यान्पिढ्या जगतात.

आज वैशाखाचे ऊन तापले आहे. या उन्हात उपटलेल्या मुळांना पानांची तहान भागविता येत नाही, म्हणून घरी जाऊन आजच कुंड्या उलट्या करू नयेत. पहिल्या पावसाने हवा ओलावली, की एका संध्याकाळी सवडीने हे काम काढावे. तोवर फक्त मातीत बोट खुपसून पाहण्याची सवय लावावी. दोन पेरांपर्यंत ओल लागली, तर त्या दिवशी तांब्या भरू नये.