राग कोणावर निघतो?



आम्हां कॅथलिक ख्रिस्ती लोकांत धर्मगुरूंपुढे पापनिवेदन करण्याची चाल आहे. गुडघे टेकावेत, आपले दोष सांगावेत आणि क्षमा मागावी. त्यात माझे एक वाक्य कित्येक वर्षे ठरलेले असे: 'मला राग आला.' एकदा एका वृद्ध धर्मगुरूंनी मध्येच विचारले, 'कोणावर?' मला उत्तर देता आले नाही. डोळ्यांपुढे मात्र एका विद्यार्थ्याची वही उभी राहिली. ती हकिकत पुढे सांगतो.

त्या दिवसापासून मी एक टिपणवही घातली. राग केव्हा आला, कोणावर निघाला आणि त्यापूर्वी काय घडले होते, एवढेच निजण्यापूर्वी लिहावयाचे. ही युक्ती काही माझी नव्हे. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने क्रोधावर तीन भागांचा ग्रंथ लिहिला आहे. रात्री दिवा दूर नेला, पत्नी स्तब्ध झाली, म्हणजे आपण सबंध दिवसाची झडती घेतो, असे त्यात तो सांगतो.

माझ्या वहीने मला लाजविले. मुख्याध्यापकांनी चारचौघांत बोलल्याच्या नोंदी तीत होत्या; पण राग त्यांच्यावर निघाल्याची नोंद एकही नव्हती. तो निघाला होता शिपायावर, पत्नीवर आणि सर्वांत अधिक मागल्या बाकावरच्या मुलांवर. 'काय करू, राग मला आवरतच नाही,' असे मी काहीशा लाडाने म्हणत असे. मुख्याध्यापकांच्या खोलीत जो राग बिनचूक आवरतो, तो पाचवीतल्या पोरापुढेच का आवरू नये? ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्यावरच जर तो निघत असेल, तर त्याला 'स्वभाव' हे नाव देणे ही लबाडी होय.

राग शरीरात काय करतो, हे अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या आपल्या ग्रंथात मांडले. ॲड्रेनालिन रक्तात उतरते, हृदय जलद चालते, रक्तातील साखर वाढते, स्नायू झुंजीस सिद्ध होतात. माझे म्हणाल तर कान तापतात, खडू बोटांत मोडतो आणि तोंडी 'नेहमी' व 'कधीच' हे दोन शब्द येऊ लागतात. ही चिन्हे दिसली की मी पाठ फिरवून फळ्यावर तारीख लिहितो. पुष्कळदा ती आधीच लिहिलेली असते! मुले हसतात, हसोत बापडी. तेवढा वेळ मिळाला तरी पुष्कळ झाले.

राग एकदाचा ओकून टाकला म्हणजे मन हलके होते, असे कित्येक जण सांगतात. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञांचा २००२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग याच्या उलट आहे. डिवचणाऱ्याला मनात आणून पोत्यावर ठोसे मारणारे विद्यार्थी, स्वस्थ बसून राहिलेल्यांहून अधिक रागावलेले आढळले.

ज्या घरात हात उगारला जातो, किंवा बापाची चाहूल लागताच मुले गप्प होतात, तेथे टिपणवही पुरी पडणार नाही. डॉक्टरांकडे जावे. सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ साली सुरू झाली असून तिचा क्रमांक १४४१६ आहे.

आता ती वही. एके सकाळी कार्यालयात बोलणी खाऊन मी वर्गात आलो आणि एका मुलाची गणिताची वही सर्वांदेखत फाडली. त्याने समास सोडला नव्हता, एवढाच अपराध. दुसऱ्या दिवशी त्याने ती पाने डिंकाने जोडून, प्रत्येकावर समास आखून, मुकाट्याने माझ्या टेबलावर ठेवली. मी उत्तरे तपासली, सही केली आणि वही परत दिली. एक शब्द बोललो नाही.

पुढे तो शाळा सोडल्याचा दाखला नेण्यास आला, तेव्हा मी त्याची क्षमा मागितली. 'सर, माझ्या लक्षातसुद्धा नाही,' तो म्हणाला. हे म्हणताना तो माझ्या हातांकडे पाहत होता.