गोळीचा नित्यनेम



कर्करोग हा शब्द घरात शिरला की बोलणाऱ्यांचा आवाज आपोआप खाली येतो. परंतु रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार असा आहे की त्याचा रुग्ण सकाळी देरासरात पूजा करतो, दुपारी दुकानाच्या गादीवर बसतो, आणि त्यास काही झाले आहे हे शेजारच्या दुकानदारालाही उमगत नाही. वैद्यकशास्त्रात त्यास क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, थोडक्यात सीएमएल, असे म्हणतात. पुष्कळदा तो दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या रक्ततपासणीत सापडतो. पांढऱ्या पेशींचा आकडा पाहून डॉक्टर दचकतात आणि रुग्ण म्हणतो, मला तर काहीच होत नाही.

आपले रक्त हाडांतील मज्जेत तयार होते. तेथील एखाद्या पेशीत नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे परस्परांत बदलले जातात व त्यांतून पेशीला वाढीचा अखंड आदेश देणारे एक विपरीत प्रथिन निर्माण होते. या आजारातील आखूड गुणसूत्र १९६० साली फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल व डेव्हिड हंगरफोर्ड यांना प्रथम दिसले. ती अदलाबदल आहे हे १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखविले. हा बिघाड पुढील आयुष्यात मज्जेतील एका पेशीत होतो. तो आईवडिलांकडून येत नाही आणि मुलांकडे जात नाही. ही गोष्ट ठासून सांगणे भाग आहे, कारण मुलीच्या स्थळाला बाधा येईल या भीतीने कित्येक कुटुंबांत बापाचा आजार लपविला जातो, आणि लपविलेल्या आजाराची गोळीही लपूनछपून, सवड मिळेल तेव्हा घेतली जाते. भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांच्या तुलनेने कमी वयात, ऐन कमावत्या काळात आढळतो, हेही येथे ध्यानात घ्यावे.

एके काळी मज्जारोपण हाच पुरता बरा होण्याचा मार्ग होता, आणि तो थोड्यांनाच शक्य असे. अमेरिकेतील डॉ. ब्रायन ड्रकर यांच्या चाचण्यांनंतर मे २००१ मध्ये इमॅटिनिब या औषधास तेथे मान्यता मिळाली. त्या विपरीत प्रथिनाचे काम हे औषध अडवून धरते. हे औषध देऊन ज्या रुग्णांवर मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी झाली, त्यांपैकी सुमारे ८३ टक्के दहा वर्षांनंतर हयात असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र रोग अडविलेला असतो, बहुधा संपलेला नसतो. म्हणून गोळी रोज घ्यावयाची आणि ठरावीक महिन्यांनी बीसीआर-एबीएल ही तपासणी करावयाची.

खरी अडचण येथेच सुरू होते. रुग्ण दिसतो ठणठणीत, आणि त्रास होतो तो औषधाचा : पापण्या सुजतात, पोटऱ्यांत गोळे येतात, मळमळते, थकवा राहतो. मग कोणी काढा सुचवितो, कोणी गव्हांकुरांचा रस, आणि गोळी एक दिवसाआड होते. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१० मध्ये ८७ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. बाटलीच्या झाकणात सूक्ष्म यंत्र बसवून ती किती वेळा उघडली याची नोंद त्यांनी ठेवली होती. नव्वद टक्क्यांहून अधिक गोळ्या घेणाऱ्यांत सहा वर्षांत रोग खोलवर दबण्याची शक्यता ९४ टक्क्यांच्या आसपास होती. त्याहून कमी घेणाऱ्यांत ती अवघी २८ टक्के निघाली.

नव्वद टक्के म्हणजे महिन्याच्या तीस गोळ्यांत तीन चुकणे. अठ्ठाईत आठ चुकतात.

हा हिशेब पर्युषणात कोणी मांडत नाही. इमॅटिनिब जेवणाबरोबर, पेलाभर पाण्यासह घ्यावे लागते. रिकाम्या पोटी ते झोंबते, म्हणून उपवासाच्या दिवशी ते सहजच वगळले जाते. आजारी असूनही तपश्चर्या केली म्हणून त्या रुग्णाचा बहुमान होतो, तेव्हा टाळ्या वाजविणाऱ्यांना हे ठाऊक नसते. वास्तविक मार्ग बंद नाही. एकासना किंवा आयंबिल करणाऱ्यास, डॉक्टरांच्या संमतीने, त्या एका बैठकीतच गोळी घेता येते. सकाळच्या जेवणाशी ती बांधली तर चौविहारही अबाधित राहतो. परंतु निलोटिनिब हे दुसरे औषध बारा-बारा तासांनी, उपाशीपोटी, दोनदा घ्यावयाचे असते. महाराष्ट्रात हिवाळ्याचा दिवसच अकरा तासांचा, त्यामुळे चौविहार त्याच्याशी जुळत नाही. अशा वेळी औषधाची निवड होण्यापूर्वीच आपले नियम डॉक्टरांना सांगावेत आणि गुरुमहाराजांनाही विचारावे. पच्चक्खाणातच आगार आहेत, आणि व्याधीत समाधी टिकावी म्हणून औषधाची मुभा देणारा आगार त्यांतलाच एक आहे. शास्त्रकारांनी जे सोडून दिले, ते श्रावकाने हट्टाने धरून ठेवण्याचे कारण दिसत नाही.

औषध कायमचे थांबविता येते काय, हा प्रश्न प्रत्येक रुग्ण विचारतो. फ्रान्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दोन वर्षांहून अधिक काळ रोगाचा मागमूस न दिसलेल्या रुग्णांची गोळी देखरेखीखाली बंद केली. सुमारे चाळीस टक्क्यांत रोग परतला नाही. इतरांत बहुतेक सहा महिन्यांच्या आतच परतला व पुन्हा औषधाने आटोक्यात आला. तो निर्णय डॉक्टरांनी, वारंवार तपासण्यांसह घ्यावयाचा आहे. रुग्णाने परस्पर घेतला तर दबलेला रोग केव्हा उठला हेही कळत नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. मूळ कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च एके काळी सव्वा लाखाच्या घरात होता, तर भारतीय कंपन्यांचे तेच औषध आठ-दहा हजारांत मिळे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीची पेटंटची मागणी फेटाळली, म्हणून स्वस्त औषधाचा हा मार्ग खुला राहिला. तरीही स्वस्त औषध दरमहा, वर्षानुवर्षे घ्यावयाचे असेल तर नोकरदाराचे कंबरडे मोडते. (बाजारात उधारी मागताना कोणी लाजत नाही. औषधाचे पैसे मागताना मात्र भल्याभल्यांची जीभ अडखळते.) धर्मादाय संस्थांची वैद्यकीय मदत शस्त्रक्रियेच्या हिशेबाने आखलेली असते : एक अर्ज, एक धनादेश, एक छायाचित्र. सीएमएलच्या रुग्णास असा धनादेश काही महिने पुरतो, आणि पुढल्या महिन्यात पुन्हा दाराशी येण्याचा संकोच त्यास गोळ्या पुरवून-पुरवून खायला लावतो. मदत करावयाचीच तर ती बारा महिन्यांची एकदम मंजूर व्हावी, औषधाच्या दुकानात परस्पर जमा व्हावी आणि तीत तपासणीचा खर्चही धरावा. ती तपासणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी, कारण प्रयोगशाळा बदलली की आकड्यांची तुलना करणे डॉक्टरांना अवघड जाते.