पुढच्या चाकांवर पडणारा न दिसणारा भार

(पंचायत सदस्य, शिक्षक आणि अधिकारी यांच्यासमोर कोसबाड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कोसबाडच्या टेकडीला शिक्षणाचा जुना वारसा आहे. १९५७ साली बोर्डीचे ग्रामबालशिक्षा केंद्र येथे आले आणि ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, खडे, पाने अशा हाताशी असलेल्या वस्तूंतून पाड्यांवरच्या मुलांना शिकविले. आजचा विषय या वारशापासून दूरचा वाटेल. तो आहे मालवाहू पिकअप गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनच्या अकाली झिजेचा. परंतु तोही हाताशी असलेल्या वस्तूंनीच समजून घेता येतो, आणि तो समजून न घेतल्याची किंमत डहाणू व तलासरी तालुक्यांतील अनेक कुटुंबे आज रोख मोजत आहेत.

एके काळी या भागातले गवत, लाकूड आणि भात बैलगाडीने हलत असे. आज ते काम पिकअप करते. बागेतला चिकू घोलवडला किंवा डहाणू रोडला पोहोचवायचा असो, ढोबळी मिरची, विटा, लग्नाच्या मांडवाचे सामान किंवा वैशाखात टंचाईच्या पाड्यांना पाणी न्यायचे असो, सर्वत्र हीच गाडी उभी दिसते. पुष्कळदा ती एखाद्या तरुणाने कर्ज काढून घेतलेली असते. हप्ता महिन्याच्या महिन्याला भरावा लागतो. गाडी दुरुस्तीला उभी आहे म्हणून तो थांबत नाही.

अशी एक पिकअप डोळ्यांसमोर आणावी. गाडी नवी असताना तक्रार नव्हती. पहिल्या पावसाळ्यानंतर पुढच्या टायरची आतली कड खाल्ली जाऊ लागली. मग खड्ड्यात ‘खट्’ असा आवाज येऊ लागला. मिस्त्रीने बुश बदलले, बॉल जॉइंट बदलले, अलाइनमेंट करून दिले. सहा महिन्यांत पुन्हा तेच. मालक रस्त्याला दोष देतो, मिस्त्री सुट्या भागांच्या दर्जाला देतो. दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य असते. परंतु त्याच रस्त्याने जाणारी, फेरफार न केलेली दुसरी गाडी तेच भाग कितीतरी अधिक काळ वापरते, याकडे दोघांचेही लक्ष जात नाही.

आता गाडीत काय काय बदलले ते क्रमाने पाहावे. भार भरला की मागची बाजू बसते, म्हणून मागे दोन पाटे वाढविले. पाटे वाढविल्यावर रिकामी गाडी मागून उंच आणि पुढून वाकलेली दिसू लागली, म्हणून पुढच्या स्प्रिंगवर गुटके घालून तोंड वर केले. समोर लोखंडी गार्ड बसविला. गवत आणि रिकामे क्रेट जास्त मावावेत म्हणून हौद्याच्या फळ्या दोन फूट वाढविल्या. शेवटी रुंद टायर आले. यांतला प्रत्येक बदल मालकाच्या दृष्टीने सकारण आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्याला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण त्याने गाडी सुधारत नाही. चूक अशी की, प्रत्येक बदल वेगळा म्हणून पाहिला गेला आणि त्या सर्वांचा हिशेब पुढच्या चाकांच्या खात्यावर चढला.

मागे घातलेला भार पुढे कसा जातो, असा प्रश्न येथे साहजिकच निर्माण होतो. याचे उत्तर बैलगाडीवाल्याला ठाऊक होते. भार आसाच्या मागे गेला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. पुढे सरकला की बैलांच्या माना दबतात. म्हणून गाडी भरणारा जाणता माणूस पोत्यांची जागा पाहून ठरवीत असे. उतारावर तोच भार बैलांच्या अंगावर येई आणि गवताची गाडी जितकी उंच रचलेली, तितका तो अधिक येई.

पिकअपमध्ये बैलांच्या मानेची जागा पुढच्या आसाने घेतली आहे. ब्रेक दाबला की भार पुढे झुकतो. किती झुकतो, हे काढण्याचा हिशेब सातवीच्या मुलालाही जमेल. गाडीचे एकूण वजन, ब्रेकचा जोर आणि गुरुत्वमध्याची उंची यांचा गुणाकार करावा आणि त्यास पुढच्या-मागच्या आसांमधील अंतराने भागावे. समजा, भरलेल्या गाडीचे वजन ३,००० किलो, गुरुत्वमध्याची उंची ९० सेंटिमीटर आणि आसांमधले अंतर ३ मीटर आहे. ब्रेकचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या निम्मा धरला, तर ४५० किलो भार त्या क्षणी मागून उठून पुढच्या आसावर येतो. आता तीच गाडी ३,८०० किलोंपर्यंत भरली आणि गुरुत्वमध्य १२० सेंटिमीटरवर गेला, तर हा आकडा ७६० किलो होतो. वजन चतुर्थांशाने वाढले, पण पुढे झुकणारा भार दोनतृतीयांशांहून अधिक वाढला. टेकडीच्या उतारावर, वळणावर आणि प्रत्येक खड्ड्याच्या तोंडाशी ब्रेक लागतो. दिवसातून किती वेळा, ते चालकाने स्वतःच मोजून पाहावे.

गार्डची गोष्ट तराजूच्या दांडीसारखी आहे. ६० किलोचा गार्ड पुढच्या आसाच्या पाऊण मीटर पुढे बसविला, तर पुढच्या आसावर ६० नव्हे, ७५ किलो पडतात आणि वरचे १५ किलो मागच्या आसावरून उचलले जातात. हे वजन रिकाम्या फेरीतही उतरत नाही. शिवाय असे गार्ड पादचाऱ्यांना आणि गाडीत बसलेल्यांनाही धोक्याचे असल्यामुळे त्यांच्यावर कारवाई करण्यास केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळविले होते.

सर्वांत कमी समजलेला भाग गुटक्यांचा आहे. पूर्वीच्या जीपला पुढेही अखंड आस आणि पाटेच असत. ट्रकलाही तसेच. तेथे पाटा वाढविण्याची जी सवय मिस्त्रींच्या हाताला लागली, ती पुढची चाके स्वतंत्रपणे वरखाली होणाऱ्या गाड्यांवर जशीच्या तशी आली. अशा गाडीत चाक लोअर आर्मवर तोललेले असते, आर्मच्या एका टोकाला रबरी बुश आणि दुसऱ्या टोकाला बॉल जॉइंट असतो. गाडीची जी उंची कारखान्याने ठरविली, त्या उंचीला हे भाग मध्यावर राहतात. वर जायला आणि खाली यायला दोन्हीकडे वाव असतो. गुटका घातला की आर्म कायमचा खाली कलतो. बॉल जॉइंट आपल्या मर्यादेजवळ काम करू लागतो, शॉकअप ताणलेला राहतो, बुश पिळलेल्या अवस्थेत दिवस काढतो, आणि चाक खड्ड्यात उतरले की सर्व जुळणी शेवटच्या टोकाला आपटते. चाकाचा उभा कोनही बिघडतो. टायरची कड खाल्ली जाते ती त्यामुळे.

येथे मिस्त्रींच्या कामातली एक बाब मुद्दाम सांगण्यासारखी आहे. नवा बुश बसविताना गाडी जॅकवर उचललेली असते आणि चाक लोंबकळत असते. त्याच स्थितीत बोल्ट पक्का आवळला, तर गाडी जमिनीवर येताच बुश पिळला जातो आणि नवा भागही थोड्याच दिवसांत फाटतो. बोल्ट हलका लावावा, चाके जमिनीवर टेकवावीत, गाडी एकदोनदा दाबून सोडावी आणि मगच शेवटचा आवळा द्यावा. एवढी पाच मिनिटे वाचविल्यामुळे किती बुश वाया गेले असतील, याची गणती कोणी ठेवलेली नाही.

मागच्या जादा पाट्यांचेही असेच. पाटा धक्का साठवितो, शॉकअप तो जिरवितो. पाटे कडक केले आणि शॉकअप जुनाच राहिला, तर रिकामी गाडी उड्या मारते. मागची बाजू उंचावल्यामुळे पुढच्या चाकांचा जो मागे कललेला कोन स्टिअरिंग सरळ ठेवतो, तो कमी होतो. गाडी भरकटते आणि चालक सतत स्टिअरिंग सावरीत राहतो. त्या सावरण्याचा ताण टाय रॉडच्या टोकांवर पडतो. रुंद टायर आणि बाहेर निघालेली रिम यांनी बेअरिंगवरची तरफ लांब होते, ती भर वेगळीच. आणि अर्ध्या भरलेल्या कडक गाडीत फळही आदळते. ज्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तो बाजारात डागी होऊन पोहोचावा, हे बागाईतदारालाही परवडणारे नाही.

पंचायत सदस्यांनी विशेष लक्ष द्यावे असा भाग पाण्याच्या गाडीचा आहे. उन्हाळ्यात पिकअपवर २,००० लिटरची प्लॅस्टिकची टाकी ठेवून पाड्यांना पाणी दिले जाते. हेतू चांगला. परंतु एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे टाकी निवडताना विसरले जाते. २,००० लिटर म्हणजे दोन टन. टाकी, लोखंडी चौकट, पंप आणि मदतनीस यांचे वजन निराळेच. नेहमीच्या पिकअपची भारक्षमता मात्र एक ते पावणेदोन टनांच्या आसपास असते. म्हणजे पहिल्याच फेरीपासून गाडी जादा भाराने चालते. पहिल्या पाड्यावर निम्मे पाणी दिल्यावर भार कमी झाला असे वाटते, पण अर्धी टाकी अधिक खोडकर असते. ब्रेक लागताच पाणी पुढच्या भिंतीवर धडकते, कारण साध्या टाकीत पाण्याला अडविणारे आतले पडदे नसतात. त्याऐवजी गाडीच्या क्षमतेत बसणाऱ्या दोन लहान टाक्या मागच्या आसाच्या किंचित पुढे, शक्य तितक्या खाली बसवाव्यात; दोन्ही पूर्ण भराव्यात आणि एका पाड्यावर एक पूर्ण रिकामी करावी. फेऱ्या वाढतील. त्यांचा खर्च आधीच अंदाजपत्रकात धरावा. तो दुरुस्तीच्या बिलातून मागाहून येण्यापेक्षा बरा.

कचरा उचलणाऱ्या गाडीलाही हेच लागू आहे. मागणीपत्रात ‘पिकअप, हौद्यासह’ एवढेच लिहिले जाते. त्याऐवजी हौदा, उचलयंत्र, ओला कचरा आणि माणसे यांचे एकत्र वजन लिहून ते नोंदणी पुस्तकातील मर्यादेशी ताडून पाहावे. या कामाला अभियंता लागत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येईल. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा हाच अर्थ लावला. जादा भारासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवून घेतला जातो. महामार्गावर वजनकाटे आहेत. पाड्याच्या वाटेवर काटा नाही, आणि म्हणूनच तेथे जबाबदारी गाडी भरणाऱ्यावर येते.

या वाटाही पंचायतींच्याच आहेत. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांची जी मोठी चाचणी झाली, तिच्यावरून असा ठोकताळा निघाला की रस्त्याची हानी आसावरील भाराच्या सुमारे चौथ्या घाताने वाढते. भार वीस टक्क्यांनी वाढला तर हानी दुपटीच्या घरात जाते. जादा भरलेली गाडी रस्ता फोडते आणि फुटलेला रस्ता त्याच गाडीची पुढची चाके फोडतो. गावात दोन्ही खर्चांची बिले वेगवेगळ्या कपाटांत राहतात, म्हणून त्यांचा संबंध दिसत नाही.

यातून केवळ पैशाचे नुकसान होते असे नाही. झिजलेला बॉल जॉइंट निसटला तर चाक बाहेरच्या बाजूला कलंडते आणि चालकाच्या हाती काही राहत नाही. मालवाहू गाडीच्या हौद्यात मजूर आणि कधी कधी शाळकरी मुलेही उभी दिसतात. कायद्याने ते वर्ज्य आहे, हे सर्वांस माहीत आहे. उभ्या माणसांमुळे गुरुत्वमध्य आणखी वर जातो, हे मात्र फारसे कोणी बोलत नाही. शिक्षकांनी वर्गात खेळण्यातली लाकडी गाडी, एक दगड आणि स्वयंपाकघरातला छोटा काटा घेऊन पुढची चाके काट्यावर ठेवावीत; दगड मागे, पुढे, उंच अशा जागी ठेवून आणि गाडी उतरती धरून मुलांना आकडे वाचू द्यावेत. ती मुले घरी जाऊन वडिलांना जे सांगतील, ते भाषणापेक्षा अधिक पटेल.

झिजेची ओळख वेळीच पटावी यासाठी महिन्यातून एकदा पुढचे चाक उचलून पाहावे. जेथे स्प्रिंग लोअर आर्मवर बसलेली आहे, तेथे जॅक आर्मखाली लावावा, म्हणजे जॉइंटवरचा ताण सुटतो. चाक वर-खाली धरून हलविल्यास जाणवणारा खेळ जॉइंटचा, किंगपिनचा किंवा बेअरिंगचा. डावी-उजवीकडे जाणवणारा बहुधा टाय रॉडच्या टोकांचा. टायरची एकच कड खाल्ली जात असेल तर ते हातानेही कळते. खड्ड्यात चाक उतरण्यापूर्वी वेग कमी करावा आणि प्रत्यक्ष उतरताना ब्रेक सोडावा, ही सवय चालकाने लावून घ्यावी. ब्रेक दाबून खड्ड्यात घातलेले चाक झुकलेल्या पूर्ण भारासह आपटते.

जेथे ग्रीसचे निपल आहेत, तेथे मृगापूर्वी ग्रीस भरावे आणि पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यातून गाडी गेल्यावर पुन्हा भरावे. जुने, पाणी मिसळलेले ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारावा. फाटलेली रबरी टोपी त्याच दिवशी बदलावी, कारण चिखल एकदा आत गेला की जॉइंट पुसून काही उपयोग होत नाही. पंचायतीच्या गाडीसाठी या कामाची तारीख, किलोमीटर आणि बदललेला भाग यांची नोंद चालकाच्या वहीत करून त्यावर ग्रामपंचायत अधिकाऱ्याची सही घ्यावी. गाडीत नंतर बसविलेली प्रत्येक वस्तू, तिच्या वजनासह, त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहावी.