बाळाच्या निमित्ताने आईचं मन

'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. शत्रू आपल्याविषयी जितकं वाईट चिंतणार नाही, तितकं आपलंच मन चिंतत असतं. मनाचा हा स्वभाव देश, धर्म, भाषा पाहत नाही. आज मी तुम्हाला पाकिस्तानातल्या रावळपिंडी जिल्ह्यातल्या काही खेड्यांत नेणार आहे. गुजरखान आणि कल्लर सय्यदां हे तिथले दोन तालुके. घरची थोडी शेती, पुरुष फौजेत, सरकारी नोकरीत किंवा शहरात मजुरीला, आणि घरी सासू, सुना, मुलं. आपल्या कोकणातल्या किंवा साताऱ्याकडच्या माणसाला हे चित्र अगदी ओळखीचं वाटेल.

या खेड्यांमधल्या गरोदर स्त्रियांची पाहणी झाली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत दर चार स्त्रियांमागे एक नैराश्याने आजारी निघाली. बाळंतपणानंतर हे प्रमाण २८ टक्के होतं.

पण यातली एकही बाई 'मला नैराश्य आलंय' असं म्हणत नाही. ती म्हणते, डोकं दुखतं, जीव घाबरा होतो, हातापायांत त्राण नाही. घरचे म्हणतात, नजर लागली असेल, नाहीतर जिनाची सावली पडली असेल. मग पीरबाबांकडून ताईत आणला जातो. याच गुजरखान भागात झाडफूक करणाऱ्यांकडे आलेल्या १३९ जणांना मानसोपचारतज्ज्ञांनी तपासलं, तेव्हा त्यांतल्या ६१ टक्के लोकांना मानसिक आजार असल्याचं आढळलं. आपण हसू नये. अंगारेधुपारे आपल्याकडेही चालतात. शिवाय पीरबाबा जवळ असतो आणि तो ऐकून घेतो. इस्पितळ दूर, आणि तिथं एकदा पाऊल टाकलं की 'वेडी' हा शिक्का कायमचा. त्या घरच्या धाकट्या मुलींची लग्नं कशी जमणार? आणि डॉक्टर तरी आहेत कुठे? वीस कोटींहून अधिक लोकसंख्येच्या त्या देशात मानसोपचारतज्ज्ञ मोजके काहीशेच आहेत.

रावळपिंडीच्या डॉक्टरांनी हे फार आधी ओळखलं होतं. प्रा. मलिक मुबश्शर आणि त्यांचे सहकारी १९८०च्या दशकापासूनच इस्पितळाबाहेर पडून खेड्यांत काम करू लागले. शाळेतल्या मुलांना मनाच्या आजारांविषयी शिकवलं, तर त्यांच्या पालकांची आणि शेजाऱ्यांचीही समजूत सुधारते, हे त्यांच्या १९९८ सालच्या अभ्यासात दिसून आलं. पुढे याच परंपरेतले डॉ. आतिफ रहमान यांनी प्रश्न विचारला : डॉक्टर प्रत्येक घरात पोहोचणार नसेल, तर प्रत्येक घरात आधीच कोण पोहोचतं?

उत्तर समोरच होतं. १९९४ पासून पाकिस्तानात 'लेडी हेल्थ वर्कर' ही योजना चालू आहे. ही बाई त्याच गावची, साधारण आठवी शिकलेली. सुमारे हजार लोकवस्तीमागे एक. लसीकरण, गर्भवतीची काळजी, कुटुंबनियोजन ही तिची कामं. सासूबाई तिला दारातून परत पाठवत नाहीत, कारण ती बाळाच्या तब्येतीसाठी आलेली असते.

आतिफ रहमान यांनी नेमका हाच धागा पकडला. या कार्यकर्तीला दोन दिवसांचं शिक्षण दिलं, पुढे एक दिवसाची उजळणी आणि दर महिन्याला मार्गदर्शन. हाती दिलं एक चित्रांचं पुस्तक. घरात आजाराचं नाव काढायचं नाही. 'आई आणि बाळ दोघं सुदृढ राहावीत म्हणून मी येते,' एवढंच सांगायचं. यात खोटं काहीच नव्हतं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळ दहा महिन्यांचं होईपर्यंत अशा सोळा भेटी होत.

समजा, ती गर्भवती म्हणाली, 'माझ्या नशिबातच हे आहे, मी खाल्लं काय आणि न खाल्लं काय, बाळ अशक्तच होणार.' कार्यकर्ती तिच्या नशिबाशी, श्रद्धेशी वाद घालत नाही. ती पुस्तकातलं चित्र दाखवते. अशा विचारात बुडालेली आई आणि तिच्याकडे पाहत पडलेलं बाळ. मग दुसरं चित्र. या विचाराऐवजी दुसरा कोणता विचार करता येईल? आणि पुढच्या भेटीपर्यंत एखादी छोटी गोष्ट करून पाहता येईल का? केली की घरच्या तक्त्यावर खूण करायची. स्वतःची तब्येत, बाळाशी नातं आणि घरातल्या माणसांशी नातं, या तीन वाटांनी हे काम चाले. सासू आणि नवऱ्यालाही त्यात सामील करून घेत.

याचा परिणाम तपासण्यासाठी ४० युनियन कौन्सिलांमधल्या नैराश्यग्रस्त ९०३ गर्भवतींचे दोन गट केले. दुसऱ्या गटाकडेही कार्यकर्ती तितक्याच वेळा जात होती, फक्त हे शिक्षण न घेतलेली. निष्कर्ष २००८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा नुसत्या भेटी मिळालेल्या गटात ५३ टक्के आया अजून आजारी होत्या, तर शिक्षित कार्यकर्तीच्या गटात २३ टक्के. वर्षानंतर हे आकडे ५९ आणि २७ होते. म्हणजे कुणीतरी नुसतं येऊन बसलं म्हणून फरक पडला नाही. कसं बोलायचं हे शिकून बोलल्यामुळे पडला.

सगळंच साधलं असं नाही. बाळांचं जुलाबांचं प्रमाण घटलं, लसीकरण वाढलं. पण वजन-उंचीत म्हणावा असा फरक पडला नाही. मुलं सुमारे सात वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहिलं, तेव्हा दोन्ही गटांतली मुलं सारखीच होती. गरिबी आणि घरातला जाच बोलण्याने संपत नाही. तीव्र आजाराला डॉक्टर आणि औषध लागतंच. पण आई बरी झाली, हे का थोडं आहे? तिचं बरं होणं केवळ बाळाच्या वजनात का मोजावं?

२०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत जगासाठी पुस्तकरूपाने दिली. पुढे तिचा प्रयोग रावळपिंडीबरोबर आपल्या गोव्यातही झाला. तिथं आरोग्यसेविकेऐवजी वस्तीतल्याच साध्या स्त्रियांनी हे काम केलं. २०१९ साली निष्कर्ष आले. फायदा पहिल्या प्रयोगाइतका मोठा नव्हता, पण होता. सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच पुस्तक उपयोगी पडावं, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

आता आपल्या दारात येणारी आशाताई आठवा. २००५ नंतर ती आपल्याही गावागावांत आली. तिच्यावर हे काम सोपवणं सोपं आहे, पण तिचं मन कोण सांभाळणार? पाकिस्तानातल्या या कार्यकर्त्यांना हक्काच्या पगारासाठी रस्त्यावर उतरावं लागलं. डिसेंबर २०१२ पासून पोलिओचे थेंब पाजताना त्यांच्यातल्या काही जणींना गोळ्या घालून मारण्यात आलं. दुसऱ्यांचं दुःख ऐकणाऱ्या बाईला शिक्षण, मोबदला, संरक्षण आणि तिचंही ऐकणारं कुणीतरी मिळालं पाहिजे. ते नसेल तर हे काम म्हणजे तिच्या डोक्यावरचं आणखी एक ओझं.

आणि आपण काय करावं? शेजारची बाळंतीण गप्प गप्प असेल, तर बाळाला पाहायला जरूर जा. पण बाळाला घेण्याआधी तिच्याजवळ घटकाभर बसा. आणि 'बाळ कसं आहे' असं विचारून झाल्यावर हळूच विचारा, 'आणि तू कशी आहेस?' उत्तर ऐकायला मात्र थांबा. ते ऐकून काळजी वाटली, तर तिला डॉक्टरांपर्यंत सोबत करा.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)